बॉक्स फिलचं गणित: अमेरिकेतल्या इलेक्ट्रिशियन लायसनच्या परीक्षेसाठी

बॉक्स फिल म्हणजे विजेच्या बॉक्समध्ये वायर, स्विच वगैरे सामान किती जागा व्यापतं याचा हिशोब. त्याच्या प्रश्नात जो गुणाकार आणि बेरीज असते, ती चौथीतल्या मुलालाही जमेल. तरीही जर्नीमनच्या, म्हणजे शिकाऊ काळ संपवलेल्या इलेक्ट्रिशियनच्या, परीक्षेत या प्रश्नांवर मार्क जातात. चूक आकडेमोडीत होत नाही, मोजणीत होते. कोणती वायर धरायची, कोणती सोडायची आणि जी धरली तिला कुठल्या साइजचा आकडा लावायचा, इथे घोळ होतो. म्हणून या लेखात सूत्र थोडक्यात आहे आणि मोजणी सविस्तर. महाराष्ट्रातून आयटीआय करून, काही वर्षं वायरमनचं काम करून अमेरिकेत आलेल्यांना डोळ्यांसमोर ठेवून लिहिलं आहे, पण इथेच शिकलेल्यांनाही ते तितकंच लागू पडेल.

आधी पुस्तकाबद्दल. परीक्षा ज्यावर असते तो नॅशनल इलेक्ट्रिकल कोड, म्हणजे एनएफपीए ७०. नॅशनल फायर प्रोटेक्शन असोसिएशन तो दर तीन वर्षांनी नव्याने काढते: २०१७, २०२०, २०२३ असा क्रम. भारतातही भारतीय मानक ब्युरोचा याच नावाचा ग्रंथ आहे, एसपी ३०. इंटरनेटवर शोधताना तो हाती लागला तर बाजूला ठेवा, कारण इथल्या परीक्षेशी त्याचा संबंध नाही. आपल्या राज्यात किंवा शहरात कोणती आवृत्ती लागू आहे हेही पहिल्यांदा तपासा. टेक्सासने १ सप्टेंबर २०२३ पासून २०२३ची आवृत्ती लागू केली, पण प्रत्येक राज्याचं वेळापत्रक वेगळं असतं. बॉक्स फिलमध्ये आवृत्तीमुळे उत्तर बदलू शकतं, ते कुठे हे पुढे येईलच.

आपल्याकडे मॉड्युलर बॉक्स निवडताना आपण मॉड्यूल मोजतो: चार मॉड्यूलचा, आठ मॉड्यूलचा. आत वायर किती येणार याचा अंदाज हाताला असतो, कागदावर कोणी मांडत नाही. अमेरिकेत तो कागदावर मांडावा लागतो आणि इन्स्पेक्टर बॉक्स उघडून वायर मोजू शकतो. यामागचं कारण साधं आहे. बॉक्समध्ये वायर कोंबल्या की डिव्हाइस (स्विच किंवा आउटलेट) आत ढकलताना इन्सुलेशन चेपतं, सोलतं. जोड ताणले जाऊन सैल होतात. सैल जोड तापतो, आणि त्या उष्णतेला पसरायला आत मोकळी हवा उरलेली नसते. लाकडी सांगाड्याच्या घरात भिंतीतला तापलेला बॉक्स म्हणजे आगीला आमंत्रण. हा नियम जागेच्या कंजुषीवर नाही, आगीवर आहे.

दोन तक्ते, एक कलम

सगळं कलम ३१४.१६ मध्ये आहे. पुस्तकाच्या या पानाला टॅब लावा. तिथे दोन तक्ते आहेत. तक्ता ए सांगतो की धातूच्या प्रमाणित बॉक्समध्ये जागा किती आहे. तक्ता बी सांगतो की प्रत्येक साइजच्या वायरला जागा किती लागते. जागा घनइंचात मोजतात. एक घनइंच म्हणजे सुमारे १६.४ घनसेंटिमीटर. परीक्षेत मात्र घनइंचातच विचार करायची सवय लावा, मनातल्या मनात सेंटिमीटर करत बसलात तर वेळ जाईल.

तक्ता बी पाठच करा, सातच ओळी आहेत:

१८ नंबर: १.५० घनइंच
१६ नंबर: १.७५
१४ नंबर: २.००
१२ नंबर: २.२५
१० नंबर: २.५०
८ नंबर: ३.००
६ नंबर: ५.००

नंबर जितका लहान तितकी वायर जाड. १४ नंबरची वायर साधारण २.०८ चौरस मिलिमीटरची, म्हणजे आपल्या दीड आणि अडीचच्या मधली. १२ नंबर ३.३१ची, अडीच आणि चारच्या मधली. १० नंबर ५.२६ची. १८ पासून १० पर्यंत प्रत्येक पायरीला पाव घनइंच वाढतो, ८ नंबरला अर्धा, आणि ६ नंबरला एकदम दोन. ६ नंबरची ही उडी लक्षात न राहिल्यामुळे रेंजच्या, म्हणजे विजेच्या मोठ्या शेगडीच्या, आउटलेटचे प्रश्न चुकतात.

६ नंबरपेक्षा जाड वायर, म्हणजे ४ नंबर आणि पुढे, आली की या तक्त्यात तिची ओळच सापडत नाही. तिथे बॉक्सची लांबी-रुंदी कलम ३१४.२८ प्रमाणे काढावी लागते. तो वेगळा विषय आहे, पण प्रश्नात ४ नंबर दिसला की ३१४.१६ मध्ये शोधत बसू नका.

तक्ता ए पाठ करायची गरज नाही, मात्र नेहमीचे चार-पाच बॉक्स ओळखीचे असले की काम हलकं होतं. ४ इंच चौकोनी, दीड इंच खोल: २१.० घनइंच. तोच २ १/८ इंच खोल: ३०.३. साइटवर या चार इंची चौकोनी बॉक्सला जुने लोक 'नाइन्टीन हंड्रेड' म्हणतात, त्यामुळे ते नाव कानावर पडलं तर गोंधळू नका. ४ ११/१६ इंच चौकोनी, दीड इंच खोल: २९.५, आणि २ १/८ इंच खोल: ४२.०. चार इंची अष्टकोनी दीड इंच खोल: १५.५, आणि २ १/८ इंच खोल: २१.५. डिव्हाइस बॉक्स ३ × २ × २ ३/४: १४.०, आणि ३ × २ × ३ १/२: १८.०.

प्लॅस्टिकच्या बॉक्ससाठी तक्ता ए पाहायचा नाही. त्याचं घनफळ कंपनीने बॉक्सवरच छापलेलं असतं. प्लास्टर रिंग, उंच कव्हर किंवा एक्स्टेन्शन रिंग यांची जागाही बॉक्समध्ये मिळवता येते, पण त्यांच्यावर घनफळ छापलेलं असेल किंवा ती तक्त्यातल्या मापाच्या बॉक्सपासून बनलेली असेल तरच. छाप नसलेली रिंग दिसायला कितीही खोल असली तरी तिची जागा शून्य धरायची.

मोजणीचा क्रम

एका वायरला तक्ता बीप्रमाणे जी जागा द्यायची तिला मी पुढे 'एक वाटा' म्हणेन. प्रश्न वाचला की कागदावर एकाखाली एक पाच नावं लिहा: वायर, क्लॅम्प, स्टड-हिकी, डिव्हाइस, ग्राउंड. ज्याचा वाटा नाही त्यापुढे शून्य लिहा, रिकामं सोडू नका. शून्य लिहिताना 'हे खरंच नाही ना?' असं डोकं पुन्हा विचारतं, आणि निम्म्या चुका तिथेच थांबतात.

पहिली नोंद वायरची. बाहेरून आत येऊन जोडाला किंवा स्क्रूला संपणारी प्रत्येक वायर एकदा मोजा. न तोडता आरपार जाणारी वायरही एकदाच मोजा. ती आत येते आणि बाहेर जाते म्हणून दोन, असं करायचं नाही. बॉक्सच्या आतच सुरू होऊन आतच संपणारी वायर, म्हणजे पिगटेल, मोजायचीच नाही. प्रश्न रचणारे पिगटेल मुद्दाम घालतात. 'दोन पिगटेल स्विचला जोडल्या आहेत' हे वाचून हात शिवशिवतो, पण त्या बॉक्सबाहेर जात नाहीत, म्हणून शून्य.

आरपार वायरला एक अपवाद आहे. न तोडलेल्या वायरचा आत मोठा वेढा सोडला असेल तर ती दोनदा मोजतात. मोठा म्हणजे किती? कलम ३००.१४ प्रमाणे बॉक्समध्ये मोकळी वायर किमान ६ इंच हवी. त्याच्या दुप्पट, म्हणजे १२ इंच किंवा जास्त वेढा असेल तर दोन वाटे. ११ इंचांचा वेढा असेल तर एकच. एक उदाहरण घ्या. ईएमटी कंड्यूटमधून, म्हणजे धातूच्या पातळ नळीतून, १२ नंबरच्या सहा वायर बॉक्समधून सरळ पुढे जातात आणि ग्राउंडचं काम कंड्यूटच करतं. सहा गुणिले २.२५ म्हणजे १३.५, तेव्हा दीड इंची चौकोनी २१.० घनइंचाचा बॉक्स भरपूर झाला. पुढेमागे इथे आउटलेट काढता येईल म्हणून त्याच सहा वायरींचा १४-१४ इंचांचा वेढा आत ठेवला तर २७.० होतात आणि २१ चा बॉक्स नापास. ३०.३ चा लागेल.

दुसरी नोंद क्लॅम्पची. केबल धरणारा क्लॅम्प बॉक्सच्या आत असेल तर एक वाटा. आत चार क्लॅम्प असले तरी सगळ्यांचा मिळून एकच. पकड बॉक्सच्या बाहेर असलेला कनेक्टर असेल तर शून्य. लॉकनट आणि बुशिंग मोजायची नसतात, आणि वायर नटही नाही.

तिसरी नोंद स्टड आणि हिकीची. छताच्या बॉक्समध्ये दिवा लटकवायला आतून येणारे हे आधार आहेत. इथे नियम थोडा वेगळा आहे: प्रत्येक प्रकाराला एकेक वाटा. स्टड एक, हिकी एक, तर दोन वाटे.

चौथी नोंद डिव्हाइसची, म्हणजे स्विच किंवा आउटलेट. प्रत्येक योकला दोन वाटे. योक म्हणजे डिव्हाइस बॉक्सला स्क्रूने बसवणारी धातूची पट्टी. एका पट्टीवर दोन स्विच असले तरी पट्टी एक, म्हणून वाटे दोनच. उलट, डिव्हाइस दोन इंची बॉक्सपेक्षा रुंद असेल आणि त्याला दोन गँगची, म्हणजे शेजारी-शेजारी बसणाऱ्या दोन डिव्हाइसची, जागा लागत असेल, तर प्रत्येक गँगला दोन-दोन, मिळून चार वाटे.

पाचवी नोंद ग्राउंडची, म्हणजे आपली अर्थिंगची वायर, आणि आवृत्तीचा फरक पडतो तो इथे. २०१७ पर्यंत बॉक्समध्ये कितीही ग्राउंड वायर असल्या तरी सगळ्यांचा मिळून एक वाटा होता. २०२० पासून पहिल्या चार वायरींना मिळून एक वाटा, आणि चारच्या वर प्रत्येक वायरीला पाव वाटा. सहा ग्राउंड आत आल्या तर दीड वाटा. परीक्षा २०१७च्या आवृत्तीवर असेल आणि तुम्ही पाव वाटा लावलात, किंवा २०२०वर असेल आणि नाही लावलात, तर उत्तर चुकतं. पर्यायांमध्ये दोन्ही उत्तरं ठेवलेली असतात.

२०२३च्या आवृत्तीत सहावी नोंदही आली: बॉक्समध्ये टर्मिनल ब्लॉक असेल तर प्रत्येक ब्लॉकला एक वाटा. जुन्या सराव-पुस्तकात ही नोंद दिसणार नाही. २०२३ची परीक्षा देणार असाल तर यादीत सहावं नाव लिहा.

'सर्वात जाड' म्हणजे कुठली

बॉक्समधल्या सगळ्या वायर एकाच साइजच्या असतील तर एवढं पुरे. मिश्र साइज आली की खरी परीक्षा सुरू होते. वायर स्वतःच्या साइजने मोजली जाते. बाकी नोंदींना 'सर्वात जाड वायर'चा आकडा लावायचा, पण त्या सर्वात जाडचा अर्थ प्रत्येक ठिकाणी निराळा आहे.

क्लॅम्पला आणि स्टड-हिकीला: अख्ख्या बॉक्समधली सर्वात जाड वायर.
डिव्हाइसला: त्या डिव्हाइसला जोडलेली सर्वात जाड वायर.
ग्राउंडला: ग्राउंड वायरींमधली सर्वात जाड.
टर्मिनल ब्लॉकला: त्या ब्लॉकवर संपणारी सर्वात जाड.

माझ्या मते ३१४.१६ मधला सर्वात महत्त्वाचा भाग हाच. बॉक्समध्ये १० नंबरची वायर नुसती आरपार जात असेल आणि स्विचला १४ नंबर जोडली असेल, तर स्विचचे दोन वाटे १४ नंबरच्या आकड्याने म्हणजे ४.०० होतात, १० नंबरच्या ५.०० ने नाही. क्लॅम्प मात्र त्याच बॉक्समध्ये २.५० चा. एकाच बॉक्समध्ये दोन वेगळे आकडे लावताना काहीतरी चुकतंय असं वाटतं, पण तेच बरोबर आहे.

एक साधं उदाहरण, सावकाश

धातूच्या सिंगल गँग बॉक्समध्ये एक १४-२ केबल येते, दुसरी १४-२ केबल पुढच्या आउटलेटकडे जाते. आत क्लॅम्प आहेत. एक आउटलेट बसवायचा आहे. किती घनइंच हवेत?

'१४-२' म्हणजे १४ नंबरच्या इन्सुलेशनवाल्या दोन वायर आणि त्यांच्याबरोबर एक उघडी ग्राउंड. '१४-३' म्हणजे तीन आणि एक ग्राउंड. ग्राउंड या आकड्यात धरलेली नसते. रंगांबद्दल इथेच सांगतो, कारण ते जिवावर बेतू शकतं: महाराष्ट्रात काळी वायर न्यूट्रल म्हणून हाताळायची सवय असते. इथे काळी म्हणजे फेज, पांढरी न्यूट्रल, आणि हिरवी किंवा उघडी तांब्याची ग्राउंड. बॉक्स फिलमध्ये रंगाने फरक पडत नाही, पण प्रत्यक्ष बॉक्स उघडाल तेव्हा ही जुनी सवय बाहेर ठेवून या, आणि टेस्टर लावल्याशिवाय कशालाही हात लावू नका.

आता मोजू. वायर: दोन केबलच्या चार, ४ × २.०० = ८.००. क्लॅम्प: २.००. स्टड-हिकी: ०. डिव्हाइस: २ × २.०० = ४.००. ग्राउंड: दोन आहेत, मिळून एक वाटा, २.००. एकूण १६.००. तेव्हा १४.० चा बॉक्स चालणार नाही, १८.० चा लागेल.

हाच बॉक्स आतल्या क्लॅम्पशिवाय, बाहेरून कनेक्टर लावून वापरला असता तर बेरीज १४.०० झाली असती आणि १४.० चा बॉक्स पास झाला असता. जागा गरजेइतकी असली तरी नियम पाळला जातो, जास्त असावी लागते असं नाही. परीक्षेत तेच उत्तर द्या. प्रत्यक्ष कामात मात्र १४.० मध्ये जीएफसीआय आउटलेट (करंट गळला की वीज तोडणारा) बसवायला जाऊ नका. त्याचं अंग जाड असतं, पण कोड त्यालाही दोनच वाटे देतो. घाम फुटतो आणि वायर चेपतात. मी नेहमी एक माप मोठा बॉक्स घ्यायला सांगतो, दोघांच्या किमतीत फारसा फरक नसतो.

मिश्र साइजचं उदाहरण

चार इंची चौकोनी, २ १/८ इंच खोल बॉक्स, ३०.३ घनइंच. त्यात दोन सर्किट आहेत. आउटलेटसाठी १२-२ केबल येते आणि दुसरी १२-२ पुढे जाते. जिन्याच्या दिव्याच्या थ्री-वे, म्हणजे दोन ठिकाणांहून चालणाऱ्या, स्विचसाठी एक १४-२ आणि एक १४-३. आत क्लॅम्प आहेत. आउटलेट १२ नंबरला जोडला आहे, स्विच १४ नंबरला. आवृत्ती २०२३.

वायर, १२ नंबर: चार, ४ × २.२५ = ९.००.
वायर, १४ नंबर: दोन आणि तीन मिळून पाच, ५ × २.०० = १०.००.
क्लॅम्प: बॉक्समधली सर्वात जाड १२ नंबर, २.२५.
आउटलेट: २ × २.२५ = ४.५०.
स्विच: २ × २.०० = ४.००.
ग्राउंड: चार केबलच्या चार, मिळून एक वाटा, सर्वात जाड ग्राउंड १२ नंबर, २.२५.

बेरीज ३२.००. बॉक्समध्ये आहेत ३०.३. नापास.

काय करता येईल? ३.५ घनइंच छापलेली दोन गँगची प्लास्टर रिंग लावली तर ३३.८ होतात आणि काम भागतं. ४ ११/१६ चा बॉक्स घ्यावा तर दीड इंची २९.५ चा उलट आणखी लहान पडतो. तोंड रुंद असलं तरी खोली कमी म्हणून जागा कमी. २ १/८ इंच खोल, ४२.० चाच घ्यावा लागेल. 'मोठा चौकोन म्हणजे मोठी जागा' असं समजून उत्तरावर खूण करणारे बरेच जण इथे फसतात.

याच बॉक्समध्ये आणखी एक १४-२ केबल आली असं समजा. वायरींचे ४.०० वाढतात. पाचवी ग्राउंड आली, तिचा पाव वाटा. ती स्वतः १४ नंबरची असली तरी पाव वाटा सर्वात जाड ग्राउंडचा, म्हणजे २.२५ चा पाव, ०.५६. एकूण ३६.५६. रिंग लावूनही आता पुरत नाही, ४२ चाच हवा.

छताचा बॉक्स

अष्टकोनी, दीड इंच खोल, १५.५ घनइंच. एक १४-२ येते, एक १४-३ जाते, आत क्लॅम्प, एक स्टड, एक हिकी. घुमटाकार झाकणाचा दिवा, त्याच्या १८ नंबरच्या दोन वायर आणि एक ग्राउंड बॉक्समध्ये येऊन संपतात.

घुमटाकार दिव्यातून येणाऱ्या १४ नंबरपेक्षा बारीक अशा चारपर्यंत वायर आणि दिव्याची ग्राउंड सोडून देता येतात, कारण त्यांना झाकणाच्या पोकळीत जागा असते. म्हणून दिव्याच्या वायर शून्य. वायर: पाच, १०.००. क्लॅम्प २.००. स्टड २.००. हिकी २.००. ग्राउंड २.००. एकूण १८.००, आणि बॉक्स १५.५ चा. नापास, २१.५ चा लागेल. स्टड-हिकी नसती तर १४.०० मध्ये याच बॉक्समध्ये बसलं असतं.

रेंजचं आउटलेट

५० अँपिअरचं आउटलेट, ६-३ केबल, ग्राउंड १० नंबरची, कनेक्टरची पकड बाहेर. आउटलेटला दोन गँगची जागा लागते. वायर: ३ × ५.०० = १५.००. क्लॅम्प शून्य. डिव्हाइस: चार वाटे, ४ × ५.०० = २०.००. ग्राउंड: १० नंबर, २.५०. एकूण ३७.५. म्हणजे ४२.० चा बॉक्स. इथे डिव्हाइसला दोनच वाटे दिले तर २७.५ येतात आणि ३०.३ चा पर्याय बरोबर वाटतो. तो पर्याय तिथे असतोच.

उलटा प्रश्न आणि ०.८ चा सापळा

कधी प्रश्न उलटा येतो: अमुक बॉक्समध्ये १० नंबरच्या जास्तीत जास्त किती वायर बसतील? ४२.० भागिले २.५० म्हणजे १६.८. कंड्यूट फिलचा अभ्यास झालेल्यांना लगेच आठवतं की दशांश ०.८ किंवा जास्त असेल तर वरचा पूर्णांक घ्यायचा. ती सवलत नवव्या प्रकरणातल्या टिपेतली आहे, कंड्यूटमध्ये एकाच साइजच्या वायरींसाठी. बॉक्सला ती लागू नाही. इथे नेहमी खालचा पूर्णांक, म्हणून उत्तर १६. तक्ता ए मध्येही या बॉक्ससमोर १० नंबरच्या रकान्यात १६ च छापलेलं आहे. त्या रकान्यांवरून थेट उत्तर मिळतं, पण ते सगळ्या वायर एकाच साइजच्या असतील आणि क्लॅम्प, स्टड, डिव्हाइस वगैरे काही नसेल तेव्हाच. यातलं काहीही आलं की पाच नोंदींच्या यादीकडे वळा.

परीक्षा पुस्तक उघडून देता येत असली तरी प्रत्येक प्रश्नाला पानं चाळत बसायला वेळ नसतो. तक्ता बी आणि पाच नोंदी डोक्यात, तक्ता ए टॅबवर, एवढी विभागणी पुरते. सराव करताना उत्तरसूचीशी फक्त शेवटची बेरीज जुळवू नका, प्रत्येक नोंद जुळवा. दोन चुका एकमेकींना फेडून बेरीज बरोबर आलेली असू शकते.

सरावाला एक

चार इंची चौकोनी, २ १/८ इंच खोल धातूचा बॉक्स, ३०.३ घनइंच. त्यात तीन १२-२ एमसी (धातूच्या आवरणाच्या) केबल, प्रत्येकीत एक हिरवी ग्राउंड. कनेक्टरची पकड बाहेर. एक जीएफसीआय आउटलेट, त्याला काळी आणि पांढरी अशा दोन पिगटेल, शिवाय ग्राउंडची एक पिगटेल. आवृत्ती २०२३. किती जागा भरली, आणि अशाच आणखी किती केबल आणता येतील? खाली वाचण्याआधी कागदावर करून पाहा.

वायर सहा, १३.५०. क्लॅम्प शून्य. स्टड-हिकी शून्य. डिव्हाइस ४.५०. ग्राउंड तीन, मिळून २.२५. पिगटेल तिन्ही शून्य, टर्मिनल ब्लॉक नाही. भरलेली जागा २०.२५. चौथी केबल आली की दोन वायरींचे ४.५० वाढतात. तिची ग्राउंड चौथी, म्हणून तिचं वेगळं काही नाही. एकूण २४.७५. पाचवी केबल आली की पुन्हा ४.५०, आणि पाचव्या ग्राउंडचा पाव वाटा ०.५६. एकूण २९.८१, बॉक्समध्ये बसतं. सहाव्या केबलला उरतात ०.४९ घनइंच, त्यात एक वायरही मावत नाही. उत्तर: आणखी दोन केबल.